सालं, ड्रम आणि उजनीचं पाणी

प्रश्न : ताई, आमचं चौघांचं घर. दीड महिन्यापूर्वी हौसेनं गॅलरीत खताचा ड्रम आणला. आता वास येतो, चिलटं झालीत, परवा तर अळ्या दिसल्या. घरचे म्हणतात, रोज कचरा न्यायला माणूस येतो, मग हा उपद्‌व्याप कशाला? आणि खरंच, एवढ्या मोठ्या पुण्यात एका घरच्या सालांनी काय होणार?
— एक वाचक भगिनी, कोथरूड

उत्तर : आधी ड्रमचं बघू. आतलं मूठभर घेऊन पिळा. पाणी ठिबकलं तर समजा, ओलं जास्त झालंय. आत हवा खेळत नाही, म्हणून ते कुजतं. दोन दिवस नवीन काही घालू नका. तळापासून उकरून मोकळं करा आणि सोसायटीतला वाळका पाला चुरून त्यात मिसळा. पुढे एक वाटी सालांना दोन वाट्या पाला, आणि वर पुन्हा पाल्याचा थर. साल दिसता कामा नये, म्हणजे चिलटं येत नाहीत. कुणाकडे तयार खत असेल तर ओंजळभर मागून आणा. दुधाला विरजण लावतो ना, तसंच हे. उरलेली आमटी, तेलकट भाजी सध्या नकोच. अळ्या सालंच खातात, त्यांना घाबरू नका. ओल उतरली की त्याही कमी होतात.

आता घरच्यांचा प्रश्न. गेल्या मे महिन्यात मी आठवडाभर घरात येणारं-जाणारं सगळं काट्यावर तोललं. ओला कचराच ४ किलो ६०० ग्रॅम भरला, बहुतेक आंब्याच्या कोयी आणि कलिंगडाची सालं. त्यातली ८०० ग्रॅम सालं पातळ चिरून गच्चीत वाळवली. तिसऱ्या दिवशी जेमतेम ७० ग्रॅम उरली! म्हणजे आपण डिझेल जाळून गाडीतून पाणीच वाहून नेतो. तेच प्लास्टिकबरोबर ढिगात दाबलं गेलं की हवेविना सडतं, त्यातून मिथेन निघतो आणि काळं पाणी जमिनीत मुरतं. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं भोगलंय. त्या गावांना आपली सालं पाठवू नयेत, माझ्यासाठी एवढं कारण पुरे आहे.

तरी एक सांगते, फक्त कचऱ्यावर थांबू नका. एबेल वोल्मन या अमेरिकी अभियंत्यानं १९६५ मध्ये १० लाख वस्तीच्या एका कल्पित अमेरिकी शहराचा रोजचा हिशेब मांडला होता. आत येणारं अन्न २,००० टन, इंधन ९,५०० टन आणि पाणी ६,२५,००० टन. बाहेर जाणारा कचरा २,००० टन, सांडपाणी ५,००,००० टन. आकडे तिथले आणि तेव्हाचे, पण घरात सगळ्यांत जड वस्तू पाणीच, हे आपल्याकडेही तितकंच खरं.

माझं माहेर सोलापूरचं. तिथे नळाला रोज पाणी येत नाही. येतं ते उजनी धरणातून, आणि पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळून त्याच उजनीत जाते. मोरीत साबण ओतताना मला आईचा माठ आठवतो. खरंच आठवतो.

म्हणून ड्रमइतकंच लक्ष आरओच्या, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, टाकाऊ पाण्याच्या बारीक नळीकडे द्या. आमच्याकडे बोअरचं पाणी, आरओ ठेवावा लागतो. मोजलं तेव्हा १० लिटर पिण्याच्या पाण्यामागे २२ लिटर मोरीत जात होतं. आता ती नळी बादलीत सोडली आहे. फरशी पुसणं आणि संडासात ओतणं त्यातच भागतं. तुमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येत असेल तर आरओ लागतो का, तेच आधी बघा. त्या पाण्यात क्षार कमी असतात. आणि आरओचं ते टाकाऊ पाणी कुंड्यांना रोज घालू नका. त्यात क्षार साठलेले असतात, माझी जास्वंद त्यानंच पिवळी पडली होती.