बेसबॉलमधला जनरल मॅनेजर म्हणजे कोचच का? स्वतः न खेळता त्या पदावर पोचता येतं का?

कोच वेगळा. घोळ असा की मैदानावरच्या कोचलाच तिकडे 'मॅनेजर' म्हणतात. मीही बरीच वर्षं त्यात फसलो होतो. जनरल मॅनेजर बसतो ऑफिसात. कोणाला घ्यायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला सोडायचं, पैसे किती मोजायचे, हे तो ठरवतो. आयपीएलच्या लिलावात टेबलाभोवती बसलेली मंडळी आठवा, फक्त याचा बाजार जवळजवळ वर्षभर चालू.

न खेळता? थिओ एपस्टाईन बघा. येलमध्ये शिकताना कॉलेजच्या पेपरात खेळाच्या बातम्या बघायचा. पुढे सॅन डिएगो पाद्रेस या संघात नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळून वकिलीची पदवी घेतली. २००२ च्या नोव्हेंबरात बोस्टन रेड सॉक्सनं त्याला जनरल मॅनेजर केलं तेव्हा वय २८. (त्याआधी ओकलंडच्या संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन यानं त्याच जागेला हो म्हणून मग नकार दिला होता.)

३१ जुलै २००४ ला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, त्यानं बोस्टनचा लाडका नोमार गार्सियापारा देऊन टाकला. लोक खवळले. त्या गदारोळात त्याच दिवशी आणलेल्या डेव्ह रॉबर्ट्सकडे कोण बघणार? पळण्यात तरबेज, बाकी राखीव खेळाडू. ऑक्टोबरात न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, चार सामने आधी जिंकेल तो पुढे अशा मालिकेत, बोस्टन ०-३ असं मागे. चौथ्या सामन्यात, नवव्या म्हणजे शेवटच्या डावात, ३-४ असं हरत असताना रॉबर्ट्सला दुसऱ्याच्या जागी फक्त पळायला उतरवलं. त्यानं दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा टप्पा गाठला, पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली. तो सामना जिंकला, पुढचे तीनही, आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाही. त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये रॉबर्ट्सला एकदाही बॅटिंग मिळाली नाही! जनरल मॅनेजरचं काम काय, असं कोणी विचारलं की मी हाच किस्सा सांगतो.

२०११ मध्ये एपस्टाईन शिकागो कब्जला गेला, तिथे पदाचं नावही मोठं. २०१६ मध्ये त्यांचा विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला.

पण २८ व्या वर्षी खुर्ची मिळणं हा अपवाद. किम एंग १९९८ मध्येच, २९ व्या वर्षी, यांकीजची सहाय्यक जनरल मॅनेजर झाली होती. मुलाखती देत देत मायामी मार्लिन्सची जनरल मॅनेजर व्हायला २०२० उजाडलं. तिथे पोचलेली ती पहिली बाई. २०२३ मध्ये संघ प्लेऑफला नेला, तर मालकाला तिच्या डोक्यावर आणखी एक साहेब बसवायचा होता. तिनं सरळ नोकरी सोडली.