पाम हार्ट खाल्ल्याने जंगलाचं नुकसान होतं का? सॅलडमध्ये वापरावं की नाही?

पाम हार्ट म्हणजे माडा-पोफळीच्या जातीच्या झाडाच्या शेंड्यातला कोवळा गाभा. तो कुठल्या झाडाचा, यावर सगळं आहे. जुसारा या ब्राझीलच्या रानातल्या पामचा असेल तर हात लावू नका. पुपुन्या या लागवडीच्या पामचा असेल तर खा. घाईत असाल तर एवढं पुरे. माझ्या घरात मात्र हा वाद २०२० पासून चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दोन वर्षं नोकरीसाठी ब्राझीलमध्ये साओ पावलोला होतो. एका रविवारी रिबेरा खोऱ्यातल्या गुहा बघून परतताना रस्त्याकडेला पाल्मितोची, म्हणजे पाम हार्टची, बरणी घेतली. पांढऱ्या कांड्या, मिठाचं पाणी, लेबल नाही. बरोबरचा सहकारी त्याच खोऱ्यातला. त्याने काही न बोलता बरणी परत नेऊन ठेवली आणि गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली.

आत अर्धा तास चाललो. जुसारा दिसायला थेट आपल्या पोफळीसारखी, तशीच सडसडीत. तिथे एकोणीस झाडं आडवी पडलेली मी मोजली. खोडं तशीच टाकलेली, फक्त शेंड्याखालचा हातभर तुकडा नेलेला. बाजूला तीन दगडांची चूल आणि काळा पडलेला पत्र्याचा डबा. चोरटे रात्री तोडतात, तिथेच उकडतात, तिथेच बरण्या भरतात.

पोफळीसारखीच जुसारा एकखोडी. शेंडा काढला की झाड संपलं. तोडण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात आणि पुष्कळदा फळ धरायच्या आधीच कोयता बसतो, मग बी कुठून पडणार? टूकन, जाकुटिंगा असे मोठे पक्षी हीच फळं खाऊन बी लांबवर टाकतात. ते पक्षीही शिकारीने कमी झालेत. अटलांटिक किनाऱ्यावरची जुसारा विरळ झाली तेव्हा, १९७०च्या दशकात, कारखाने अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडे असाई या दुसऱ्या पामच्या मागे गेले. असाई केळीसारखी बेटाने वाढते, जून खोड काढलं तरी बाकीची राहतात. पुपुन्याचंही तसंच, शिवाय ती शेतात लावतात आणि दीड-दोन वर्षांत पहिली तोड मिळते.

आता दादा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतले चौदा माड गेले. दादाने कोयत्याने झावळांचे बुंधे एकेक सोलत आतला गाभा काढला. शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखा गोड, पण करकरीत. फोटो पाठवून खाली लिहिलं, "तू ब्राझीलवाल्यांना नावं ठेवतोस, आपण वेगळं काय करतोय?" तेव्हापासून दर गणपतीला हा विषय निघतो आणि त्याचं एकच पालुपद: एक तोडलं तर दोन लावावीत, झालं.

नाही झालं, दादा. आपले माड मुळासकट उपटलेले होते, गाभा काढला नसता तर कुजला असता. ती एकोणीस झाडं उभी होती आणि ज्याने पाडली त्याने ती लावलेली नव्हती. त्याच खोऱ्यात काही गावं आता जुसाराची फक्त फळं उतरवतात, असाईसारखा गर काढतात आणि उरलेलं बी परत रानात टाकतात. झाड दरवर्षी देतं. याला मी शेती म्हणतो.

प्रश्नकर्त्यांसाठी राहिलेलं: इक्वेडोर, कोस्टा रिकाचा डबा बहुधा लागवडीच्या पुपुन्याचा असतो. ती लागवड जंगल साफ करून केली असेल तर तीही वाईटच, आणि ते लेबलवर कळत नाही. असाईचं बेट सरसकट तोडलं तर तेही मरतं. बिनलेबलची बरणी तर कधीच घेऊ नका, नीट आंबट न केलेल्या पाल्मितोतून बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होते, ब्राझीलमध्ये १९९०च्या दशकात झालेली आहे.

आणि दादा, वाचत असशील तर: त्या पावसाळ्यात तू चौदाच्या जागी अठ्ठावीस रोपं लावलीस. त्यातल्या एकावर तरी अजून नारळ धरलाय का?