हॅलोविनचा खाऊ कुलपात ठेवावा का?

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी माझी आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत घरोघर फिरतात आणि उशीचा अभ्रा भरून चॉकलेटे, गोळ्या आणतात. गेल्या वर्षी मी सगळा खाऊ कुलपात ठेवला, तर आठवड्याभरात मुलीच्या गादीखाली चॉकलेटचे चुरगळलेले कागद सापडले. एवढ्या साखरेने मुले उधळतात, असे मैत्रिणी सांगतात. या वर्षी निम्मा खाऊ आणल्याबरोबर टाकून द्यावा का? आम्ही शाकाहारी आहोत, हेही सांगायला हवे.
— एक आई

उत्तर : टाकून देऊ नका आणि कुलूपही लावू नका. गादीखालचे ते कागद कुलपामुळेच तिथे गेले, असे मला मनापासून वाटते. मुलांना त्या रात्री खाण्याइतकीच मौज असते ती अभ्रा सतरंजीवर उपडा करण्यात, प्रकारांप्रमाणे ढीग लावण्यात आणि ‘माझ्या दोन कँडी कॉर्नच्या पुड्या घे, तुझे शेंगदाण्याचे चॉकलेट दे’ अशा सौद्यांमध्ये. आपल्या कोकणात शिमग्याचे पोस्त मागून आणल्यावर मुले जशी वाटणीला बसतात, तसाच हा स्वतः मिळवलेल्या वस्तूचा आनंद आहे आणि तो त्यांना पुरेपूर घेऊ द्यावा.

मुलांच्या आहारावर दीर्घकाळ काम केलेल्या अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा सल्ला असा, की पहिल्या रात्री मुलांना हवे तेवढे खाऊ द्यावे, दुसऱ्या दिवशीही तसेच करावे आणि त्यानंतर खाऊ जेवणाच्या व मधल्या खाण्याच्या वेळेपुरताच ठेवावा, जेवणाबरोबर एक-दोन नग आणि मधल्या खाण्याला हवे तेवढे. मला हा सल्ला पटतो, कारण खरा प्रश्न एका रात्रीचा नसून पुढच्या तीन आठवड्यांचा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे सहा चमच्यांपेक्षा जास्त जाऊ नये आणि ‘फन साइझ’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या चॉकलेट बारमध्ये साधारण आठ-नऊ ग्रॅम साखर असते, म्हणजे तीन बारमध्येच दिवस भरला. दिवाळी याच सुमारास येते (२०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती), तेव्हा फराळाच्या डब्यातला बेसनलाडूही याच हिशेबात धरावा.

साखरेने मुले उधळतात, या समजाला मात्र आधार नाही. १९९५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. रात्रीचे जागरण, वेषभूषा आणि मित्रांचा घोळका एवढे कारण पुरेसे आहे.

दातांची काळजी अधिक करायला हवी. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, म्हणून दिवसभर एकेक गोळी चघळण्यापेक्षा जेवणानंतर एकदाच खाल्लेले बरे. दातांच्या फटीत अडकून राहणारी चिकट कॅरॅमल टॉफी साध्या चॉकलेटपेक्षा वाईट. आंबट गोळ्या खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. खाऊ फारच उरला, तर तिथले काही दंतवैद्य तो मुलांकडून वजनावर विकत घेतात, त्याची चौकशी करा. किती द्यायचा, हे मुलीलाच ठरवू द्या.

धाकट्याच्या ढिगातून कडक गोळ्या आणि शेंगदाणे मात्र त्याच रात्री बाजूला काढा, कारण या वयात ते घशात अडकण्याचा धोका असतो. शाकाहाराचे म्हणाल, तर मार्शमेलो आणि बऱ्याच गमी गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. सुट्या पुडीवर घटकांची यादी नसेल, तर दुकानातल्या मोठ्या पाकिटावर ती वाचून घ्या आणि कोणत्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, हे मुलीला बाहेर पडण्यापूर्वीच सांगा, म्हणजे अदलाबदलीत ती त्या आपणहून देऊन टाकेल.