तोंडातल्या बॅक्टेरियामुळे वजन वाढतं का?

प्रश्न: मी नागपुरात आशा म्हणून काम करते. तोंडातल्या बॅक्टेरियामुळे लठ्ठपणा येतो असं मोबाईलवर वाचलं. आमच्या वस्तीतल्या बायका दिवसभर धुणीभांडी करतात, धड जेवतही नाहीत तरी वजन वाढतंच आहे, आणि हिरड्या बहुतेकींच्या सुजलेल्या. माऊथवॉश घ्यायला सांगू का?

उत्तर: नका सांगू ताई, तो पैसा वाया जाईल. तुम्ही वाचलंत ते बहुतेक बोस्टनच्या फोरसाइथ इन्स्टिट्यूटचं काम असणार. २००९ साली त्यांनी ३१३ जास्त वजनाच्या बायकांची लाळ तपासली, तर सेलेनोमोनास नॉक्सिया नावाच्या एका बॅक्टेरियाच्या प्रमाणावरून त्यातल्या ९८.४ टक्के जणी ओळखता आल्या. आकडा मोठाय, पण यातून एवढंच कळतं की दोन्ही गोष्टी सोबत दिसतात. बॅक्टेरियामुळे वजन वाढलं, की खाण्यामुळे वजनही वाढलं आणि बॅक्टेरियाही, हे त्यावरून ठरत नाही.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. माझ्याकडे अशाच वस्तीतून एक मावशी आल्या होत्या, वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, दाढा हलत होत्या, म्हटलं जेवता काय, तर म्हणे भाकरी चावतच नाही म्हणून सकाळी चहात पाव बुडवून, दुपारी बिस्किटं, रात्री भात. म्हणजे गाजर, काकडी, मोड आलेली मटकी सगळं ताटातून गेलं आणि राहिला मैदा नि साखर, आणि त्यावर हिरड्यांतले जंतूही पोसले जातात. अशा बाईला 'कमी खा' म्हणून कसं चालेल?

अमेरिकेतही गरिबांची हीच गत आहे, तिथल्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत, मेडिकेडमध्ये, मोठ्या माणसांच्या दातांचा खर्च उचलायचाच असं राज्यांवर बंधन नाही, मग दुखणं असह्य झाल्यावरच माणूस डॉक्टरकडे जातो.

तुमच्या यादीत शुगरच्या बायका असतीलच, त्यांना आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवा. हिरड्यांची नीट खोलवर सफाई केली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, साधारण ०.४ ने उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. वजन उतरेल असं मात्र कुणाला सांगू नका. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच, चार-पाच जणींना एकत्रच घेऊन जा, एकटी बाई कामाचा खाडा करून जात नाही. आणि मिश्री सोडायचं तेवढं दर भेटीला विचारत राहा.