नव्या बाइकचे पहिले हजार किलोमीटर

पहिले हजार किलोमीटर ४०-५०च्या वर जायचं नाही, एवढंच सगळे सांगतात. ते अपुरं आहे, कारण वेगापेक्षा इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि त्यावरचा लोड महत्त्वाचा.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या, बारीक रेघा असतात. पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) त्यांवर घासून नीट बसायला हव्यात, आणि त्यासाठी दाब कमीजास्त होत राहावा लागतो. म्हणून हायवेवर तासभर एकाच वेगाने चालवू नका. थ्रॉटल हळूहळू वाढवा, मग सोडून इंजिन ब्रेकिंग करू द्या, म्हणजे ब्रेक न लावता इंजिनामुळेच वेग कमी होऊ द्या. रिंग नीट बसल्या नाहीत तर पुढे ऑइल जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

सर्वांत वाईट सवय म्हणजे चौथ्या गिअरमध्ये २५च्या वेगाने चढ चढवणं. आरपीएम कमी असले तरी इंजिनावर ताण प्रचंड येतो. गिअर खाली घ्या. डबलसीट घाट सध्या टाळाच.

पहिली सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किलोमीटरला किंवा मुदतीला, जे आधी येईल तेव्हा. ऑइल बदललंच पाहिजे, कारण त्यात धातूचा बारीक चुरा उतरलेला असतो. ग्रेड मॅन्युअलमधलाच, कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. चेनचा ताणही तेव्हाच तपासून घ्या, नवी चेन लवकर सैल पडते.