देवाकडे तारीख मागू नकोस

प्रिय,

प्रभूमध्ये सलाम.

प्रार्थनेचं उत्तर कधी मिळेल असं विचारणाऱ्या तुझ्या पत्रात बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं २९:११ हे वचन तीनदा आलंय. हिताचे संकल्प, भविष्य, आशा. वाट बघणारा जो तो हे वचन भिंतीवर लावतो. त्याच्या आधीचं, दहावं वचन मात्र कुणी लावत नाही, कारण त्यात सत्तर वर्षं थांबण्याचा आकडा आहे. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयानं हे पत्रातून लिहिलं आणि ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांच्या हयातीत परतीचा दिवस येणारच नव्हता. अठ्ठाविसावा अध्यायही लगेच वाच. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं जागेवर येईल. लोकांना कोणाचं बोलणं गोड लागलं असेल ते सांगायला नको. पण खोटा ठरला हनन्याच.

तेव्हा तुला कुणी महिना-वार सांगून ‘देवानं मला दाखवलं’ म्हणालं, तर नम्रपणे ऐकून घे आणि त्यावर काहीही बांधू नकोस. तुझी झोप उडालीय ती बरीचशी या तारखेपायी. यिर्मयानं बंदिवानांना काय करायला सांगितलं बघ: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे जिथं अडकलात तिथंच नीट जगा. तू मात्र ‘ते झालं की मग’ म्हणून अभ्यास, मैत्री, मंडळीतली (चर्चमधली) सेवा, सगळंच बाजूला ठेवलंयस. त्यातली एक गोष्ट याच आठवड्यात पुन्हा सुरू कर. एकच, पण खरोखर कर.

आता प्रार्थनेचं. स्तोत्र १३ घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा ‘किती काळ’ विचारतो, पुढच्या दोनांत नेमकं मागणं मागतो आणि शेवटच्या दोनांत देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गातो. रोज पंधरा मिनिटं, एक वही, आणि हेच तीन भाग त्याच क्रमानं. तक्रारीला चार-पाच ओळी. मागणं एका वाक्यात, आणि तेही आजच्यापुरतं: ‘उद्याच्या मुलाखतीत जीभ अडखळू देऊ नकोस’, ‘आज दुपारी घरच्यांवर चिडू देऊ नकोस’. तिसऱ्या भागात देवानं पूर्वी केलेली एक ठळक गोष्ट, शक्यतो महिना-वर्षासकट. काहीच आठवेना तर प्रभू तुझ्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, एवढं लिही. बाकी सगळा भरवसा त्यावरच उभा आहे.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. बरेच जण तक्रार म्हणजे अविश्वास समजून थेट तिसऱ्या भागावर उडी मारतात. तोंडानं धन्यवाद चालू असतो, छातीवरचं ओझं तसंच राहतं आणि संध्याकाळी ते घरच्यांवर निघतं. दुसरे पहिल्याच भागात रुतून बसतात. ते मग विलाप उरत नाही, नुसतं कुढणं होतं. फरक ओळखायचा तर वहीतली वाक्यं तपास. ‘देव माझ्याकडे बघत नाही’ असं असेल तर खोडून ‘प्रभू, तू माझ्याकडे का बघत नाहीस?’ असं लिही. विलाप देवाच्या तोंडावर करायचा असतो, त्याच्या पाठीमागे नाही. एखाद्या दिवशी तिसरा भाग येणारच नाही. तेव्हा स्तोत्र ८८ वाचून वही मिट. ते अंधारातच संपतं, आणि तरी पवित्र शास्त्रात आहे.

प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै नगरातल्या मंडळीला, पत्र लिहिलं तेव्हा तो स्वतः बंदिवासात होता. प्रत्येक गोष्ट आभारासह देवाला कळवा, म्हणजे त्याची शांती तुमची अंतःकरणं राखील, एवढंच वचन तो देतो (४:६-७). दार कधी उघडेल हे तिथं लिहिलेलं नाही.

घाईचं सांगायलाच हवं. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून निघाला पंचाहत्तराव्या वर्षी, वचनाचा मुलगा इसहाक झाला शंभराव्या. मध्ये, कनानात दहा वर्षं काढल्यावर, त्याची बायको सारा हिनं आपली दासी हागार त्याला देऊन तिच्याकडून मूल मिळवायचा मार्ग काढला. तो त्या काळच्या रीतीला धरून होता, शहाणपणाचा दिसत होता, आणि धोका तिथंच होता. शौल राजाही शमुवेल संदेष्ट्यासाठी सात दिवस थांबला, मग माणसं पांगताना बघून स्वतःच होमार्पण केलं. ते उरकतं न उरकतं तोच शमुवेल आला. म्हणून नकार आल्याच्या दिवशी आणि रात्री दहानंतर मोठा निर्णय घ्यायचा नाही. तीन दिवस जाऊ दे, एका पोक्त विश्वासू माणसाला सांग, मग ठरव. डोळे मिटून शास्त्राचं कुठलंही पान उघडायचं आणि त्यातून होकार-नकार शोधायचा, हेही बंद कर.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणं नव्हे. अर्ज कर, फोन कर, औषध वेळेवर घे. तुरुंगातल्या योसेफानं सुटून जाणाऱ्या प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला) ‘माझी आठवण ठेव’ म्हटलं, त्याबद्दल शास्त्र त्याला बोल लावत नाही. तो माणूस विसरला आणि पुरी दोन वर्षं गेली, हा भाग वेगळा.

मंडळीतल्या साक्षी ऐकून तू खचतेस असं लिहिलंस. साक्षी होतात त्या प्रार्थनेचं उत्तर मिळालेल्यांच्या; अजून थांबलेल्यांना सहसा कुणी उभं करत नाही. पाळकांना विचारून तशी एखादी बाई शोध आणि आठवड्यातून एकदा दोघी मिळून प्रार्थना करा.

दोन आठवडे झोप किंवा भूक गेली, किंवा जगणंच नको वाटलं, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी, आणि एकटी जाऊ नकोस. एलीया संदेष्ट्यानं मरण मागितलं तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं. बोलणं नंतर झालं.

पहिला आठवडा स्तोत्र १३, दुसरा १३०, तिसरा २७. तिन्ही मोठ्यानं वाच, मनातल्या मनात नको. महिन्याअखेरीस वहीत काय दिसतं ते कळव.

तुझी,
ताई