विचारलेस ना? मग उत्तर घेऊन परत जा

प्रिय बेटा,

तुझे पत्र मिळाले. साक्री तालुक्यातल्या ज्या गावाच्या ग्रामपंचायतीचे काम तू पाहतेस, तिथे तू शिवारफेरी काढलीस, महिला सभा घेतलीस, वस्त्यांवर बसून कामांच्या मागण्या लिहून घेतल्यास आणि ग्रामपंचायत विकास आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा त्यांतल्या बहुतेक मागण्या त्यात नव्हत्या. हे येत्या ग्रामसभेत उघडपणे सांगावे, की ‘जुने विषय उकरू नका’ हा वरिष्ठांचा सल्ला मानावा, असे तू विचारतेस. सांगितले तर लोक भांडतील, असेही तू लिहिले आहेस. भांडू देत. तू त्यांना विचारले होतेस, म्हणून त्यांना उत्तर देणे लागतेस. यात निवड करण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही.

कायद्याचा आधार हवा असेल तर तो आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल, योजलेली विकासकामे आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवावी लागते. पण हिशेबात झालेल्या खर्चाची नोंद असते. जे काम घेतलेच नाही, त्याला हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात जागा नसते. वस्तीवरच्या बाईने मागितलेला हातपंप नेमका तिथे नाहीसा होतो, आणि तो कुणी व कशासाठी वगळला हे तिला कधीच कळत नाही. २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात लोकांकडून मागण्या घेण्याची रीत चांगली बसली. मागण्यांचे पुढे काय झाले हे सांगण्याची रीत मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीवर राहिली. ती मर्जी आता तुझी आहे.

आणि ‘निधी नाही’ हे उत्तर नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या ग्रामपंचायत निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी बंधित, म्हणजे त्यांवरच खर्चायची, होती आणि उरलेल्या ४० टक्क्यांतच बाकीच्या कामांची ओढाताण चालायची, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगता येते. ज्यांनी आयुष्यभर एका पिकाच्या पैशात बियाणे, लग्न आणि दवाखाना बसवला, त्यांना बंधित आणि अबंधित यांतला फरक कळणार नाही, असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. तुझ्या यादीतला तो शेताकडे जाणारा पाणंद रस्ता घे. रस्ता अडवला गेला आहे म्हणून पंचायतीला काम घेता आले नाही, असे तू लिहितेस. मग मागणी करणाऱ्याला तसे सांग, आणि हेही सांग की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो. अर्ज कसा लिहायचा तेही दाखव. तो माणूस नकार घेऊन घरी जाईल, पण पुढे कुठे जायचे हे त्याला ठाऊक असेल.

सभेला माणसे येत नाहीत, गणपूर्ती (किमान हजेरी) होत नाही, सभा तहकूब करावी लागते, ही तुझी तक्रार मी सबंध नोकरीत सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढीच माणसे लागतात. तेवढीही जमत नसतील तर दोष दवंडीचा नाही. एका गावी मी मागण्या लिहायला वही उघडली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हातारीने विचारले, “भाऊ, मांगला सालनं काय व्हयनं?” आधीच्या वर्षीही तिने तेच गटार सांगितले होते आणि तिला कुणी काही कळवले नव्हते. तिने नंतर सभेला यावे तरी कशासाठी? तिला उत्तर मिळाले असते तर ती आली असती, हे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर मी माझ्या प्रत्येक गावात भिंतीवर यादी लावली: मागणी काय, मागणारी वस्ती कोणती, निर्णय काय, कारण काय आणि आता जायचे कुठे. सभेत आधी ती यादी वाचायची आणि मगच नवा विषय घ्यायचा. त्यापायी मला हेकट म्हटले गेले, नको तेवढी माहिती देऊन लोकांना चिथावतो असा ठपका आला, आणि ऐन शाळेच्या दिवसांत बदली झाली. घरच्यांना त्याचा त्रास झाला. तरीही सांगतो, मी बरोबर होतो, आणि पुन्हा संधी मिळाली तर तसाच वागेन. खंत एवढीच की मी गेल्यावर भिंतीला चुना लागला आणि यादी बंद पडली. ती पद्धत ग्रामसभेच्या ठरावात बसवायला हवी, म्हणजे कुणाच्याही बदलीने ती थांबणार नाही. तू हा ठराव पहिल्याच सभेत घे.

मंजूर आराखडा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आहे, सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही तो दिसतो, एवढे पुरेसे नाही का, असे तू विचारतेस. नाही, अजिबात नाही! हे वाचून मला तुझा राग आला. मागण्या घ्यायला तू वस्तीवर गेली होतीस. उत्तर द्यायलाही तिथेच जायचे, त्याच ओट्यावर आणि त्याच बायकांपुढे. त्या ग्रुपमध्ये त्यांच्यापैकी किती जणी आहेत, हे तू मला कळव.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात आणि लेकीही माहेरी येतात. त्या आठवड्यात संध्याकाळच्या वेळी वस्त्यांवर जा. सरपंचांना बरोबर घे. ते येणार नसतील तर एकटी जा, पण जाण्याआधी त्यांना लेखी कळव. मागण्यांची मूळ वही सोबत ने, मागणी ज्याची त्याचे नाव घेऊन ती वाच, निर्णय आणि कारण सांग, आणि तिथे जे बोलले जाईल ते त्याच पानावर खाली लिहून घे. १ मेच्या सभेत तेच पान वाचायचे आहे.

तुझा,
काका